सुभेदाराची साखर

सावली गावच्या कोष्टीपुऱ्यात अकरा माग होते आणि अकरा मागांना मिळून बोका एक. त्याचं नाव सुभेदार. मिशा तशा, चालणं तसं, आणि हाक मारली तर वळून न पाहण्याची ऐटही तशीच. जंगलातून कोसा रेशमाच्या कोशांनी भरलेल्या टोपल्या घरात आल्या की उंदरांना वास लागतो. आतला किडा खायला उंदीर कोश कुरतडतो, आणि एकदा भोक पडलेल्या कोशातून सलग धागा निघत नाही. सगळी मेहनत मातीत. म्हणून सुभेदाराला पुऱ्यात जो मान होता तो कोणाच्या जावयालाही नव्हता. कोणत्याही मागावर नव्या कापडाचा ताणा चढला की पहिली वाटी त्याची: दुधात कुस्करलेला गूळ, त्यात मूठभर भात. आणि अकरा माग म्हटले की दर दोन दिवसांनी कुठे ना कुठे ताणा चढायचाच.

मुक्कामाला मात्र सुभेदार रुखमाबाईच्या घरी होता.

रुखमाबाई पन्नाशीची, बुटकी, आणि लाखेच्या रंगानं कोपरापर्यंत कायमची लाल. नवरा दादाजी मागावर बसायचा, ही सूत रंगवायची. पळसफुलांचा केशरी, लाखेचा लाल, हिरड्याचा काळा. तिच्या हंड्यातून निघालेला रंग धुण्यात जात नाही, असं थेट मूल-सिंदेवाहीपर्यंत बोललं जाई. कोणी काही अवघड सांगितलं की ती आधी कमरेवर हात ठेवायची आणि म्हणायची, "जमते ना. न जमाले काय झालं?" अख्खा पुरा तिची नक्कल करायचा. दादाजी तर मागाच्या खड्ड्यात बसल्या बसल्या धोट्याच्या ठेक्यावर करायचा: "जमते ना, खट्. न जमाले, खट्. काय झालं, खट्." तिला ते ऐकू जायचं. आवडायचंही, पण हे ती कबूल करत नसे.

चौपन्न सालच्या दिवाळीनंतर सुभेदार पाणी प्यायला लागला. मांजरं पाणी चाटतात, हा ढोरासारखा प्यायचा. माठाखालचं ओघळलेलं, सूत खळबळलेलं, शेजारच्या नथ्थूभाऊंच्या पाय धुवायच्या बादलीतलं, कुठलंही. खायचा दोघांचं आणि वाळत चालला होता एकटा. मग एक दिवस माळ्यावर उडी मारायला गेला आणि हुकला. धपकन खाली पडला, चार पायांवर नाही, कुशीवर. उठून अंग चाटत बसला, जणू तिथेच पडायचं ठरवलं होतं.

"सुभेदार पेन्शनीत निघाले, चंदाची माय," दादाजी म्हणाला. चंदा त्यांची मुलगी, लग्न होऊन मूल गावाला गेली होती, पण नवराबायको एकमेकांना अजून तिच्याच नावानं हाक मारत.

रुखमाबाई हसली नाही. ती चुलीमागच्या राखेकडे पाहत होती. सुभेदार तिथेच मुतायचा. राखेत मुंग्यांची रांग लागली होती, मंगळवारच्या बाजारासारखी.

नथ्थूभाऊ पलीकडून डोकावले. नथ्थूभाऊंना प्रत्येक गोष्टीत आधी 'मी सांगतो' म्हणायची सवय, मग त्यांना ठाऊक असो की नसो.

"मी सांगतो. मुंग्या लागल्या म्हंजे साखर गळून राह्यली. हे मालगुजाराची बिमारी आहे, बाई. आपल्या बापूले हेच झालं."

"मालगुजाराची बिमारी बोक्याले कुठून होईन?"

"नावाचा सुभेदार आहे ना. मोठ्या मानसाच्या बिमाऱ्या नावावर येते."

रुखमाबाईनं सुभेदाराला कोशांच्या रिकाम्या टोपलीत घातलं, वर दुसरी टोपली पालथी बांधली आणि निघाली.

त्या आठवड्यात गुरांचे डॉक्टर दौऱ्यावर आले होते. झाडाखाली टेबल, टेबलावर रजिस्टर, समोर बैलांची रांग. रांगेत टोपली घेऊन रुखमाबाई. तिची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी टोपलीत पाहिलं, घसा खाकरला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिलं.

"देखो बाई. हम बैल देखते हैं, गाय देखते हैं, भैंस देखते हैं. बकरी भी देख लेते हैं." इथे परत खाकरणं. "बिल्ली का तो रजिस्टर में खाना ही नहीं है."

"बकरीच्या खान्यात लिहा ना, साहेब."

"बकरी के खाने में बिल्ली कैसे लिखूँ?"

"मी कोनाले सांगत नाई."

रांगेतले शेतकरी हसले, डॉक्टरही हसले, पण बोका तपासला गेला नाही. रुखमाबाई तिथून तडक दवाखान्यात गेली.

दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस नर्स इंदुताई बघायच्या. त्या पुण्याकडच्या, तिशीतल्या, शब्द असे उच्चारायच्या की प्रत्येक अक्षराला वेगळी खुर्ची दिल्यासारखं वाटावं. इथल्या बाया 'मी येतो, मी जातो' म्हणतात याची त्यांना पहिले सहा महिने गंमत वाटली होती. सातव्या महिन्यात त्या स्वतःच एका पेशंटला 'थांबा, मी येतो' म्हणाल्या आणि दिवसभर स्वतःवर रुसून बसल्या.

"अहो रुखमाबाई, ही माणसांची जागा आहे," त्या टोपलीकडे बघून म्हणाल्या.

"बिमारी मानसाचीच आहे ना जी. मंग मी कुठी नेऊ?"

इंदुताईंनी वरची टोपली किंचित उचलून आत पाहिलं. मुंग्यांचं ऐकल्यावर त्यांनी नळ्यांच्या कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, लघवी आणता आली तर तपासता येईल, पण मांजराची लघवी धरणार कशी?

"जमते ना," रुखमाबाई म्हणाली.

तिनं राख काढून टाकली. वैनगंगेच्या पात्रातले हरभऱ्याएवढे गोटे धुऊन वाळवले, तामचिनीच्या ताटात पसरले आणि ताटाखाली एका बाजूला लाकडाची चीप लावली. सुभेदारानं गोटे हुंगले, पंजानं चाळवले, रुखमाबाईकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं पाठ फिरवली, आणि मग काम केलं. गोटे काही पीत नाहीत. सगळं ओघळून ताटाच्या कोपऱ्यात जमलं.

इंदुताईंनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं उकळलं. हिरवं झालं. पिवळं झालं. नारिंगी झालं आणि शेवटी गढूळ, विटेसारखं लाल होऊन थांबलं.

रुखमाबाई नळीवर वाकली होती. "हे त भल्लं सुंदर आहे."

"सुंदर नाही हो. निळं राहिलं असतं तर बरं होतं. जितकी साखर जास्त, तितका लाल रंग. हा शेवटचा." इंदुताईंनी नळी ठेवली. "याला मधुमेह आहे. रोज इन्सुलिनचं इंजेक्शन द्यावं लागेल. नाहीतर तो टिकणार नाही. महिना, फार तर दोन. आणि खरं सांगू? मी मांजराला कधी टोचलेलं नाही. कोणी टोचलं असेल असंही ऐकलेलं नाही. किती द्यायचं हे मी कुठल्या पुस्तकात बघू?"

"सुई तुम्ही मले शिकवा. किती द्याचं ते रंग सांगन."

इंदुताईंनी तिच्या लाल हातांकडे पाहिलं आणि त्यांचं निम्मं भय तिथेच उतरलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "औषध मात्र बापूंकडे मागावं लागेल. गावात बाटली त्यांच्याकडेच असते."

बापू म्हणजे माजी मालगुजार, गावाचे जुने जमीनदार. साठ-पासष्टीचे, लोडाला टेकून बसलेले. मालगुजारी सरकारनं नेली. बिमारी ठेवून गेलं, असं ते भेटेल त्याला सांगायचे. रोज सकाळी इंदुताई त्यांना टोचायला जात. रुखमाबाईकडून बोक्याचं ऐकल्यावर बापू लोडावरून पुढे सरकले.

"पानी लय पिते?"

"बादलीनं."

"भूक?"

"दोघाची."

"अन् तरी वाळते." बापूंचा चेहरा खुलत चालला होता. "पाय बधिर झाले का? चालताना ओढते?"

"मागचे दोनी."

"माहे बी." त्यांनी धोतर सरकवून पाय दाखवले. "पंचवीस वर्षं झाली, बाई. या गावात मले समजून घेनारा एक नाई भेटला. सगळे म्हनते, बापू, एक लाडू खा, काय होते. आज भेटला." त्यांनी आतून एक बाटली आणि आपली जुनी काचेची पिचकारी मागवली. "घेऊन जा. पन एक. रोज सकाळी त्याचा रंग मले सांगाचा. माह्यापेक्षा लाल आला त नक्की सांगाचा."

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि इंदुताईंनीही तीच बजावली. सुई जास्त झाली तर अंगातली साखर एकदम खाली जाते. आधी दरदरून घाम फुटतो, मग थरथर सुटते, मग माणूस आडवा. घाम दिसला की लगेच तोंडात गोड.

"घाम," रुखमाबाईनं मनात गाठ मारली.

सुई शिकायला तिनं पाव शेर वांगी घेतली. चिमूट धरायची, सुई तिरपी, सरळ आत, सरळ बाहेर. इंदुताई दारात उभ्या राहून सांगत होत्या, "रंगाच्या भांड्यात पिचकारी उकळू नका हं," आणि रुखमाबाई मान न वळवता टोचत होती. संध्याकाळी त्याच वांग्यांची भाजी झाली. दादाजीनं एक फोड कंदिलाशी धरली.

"वांग्याले देवी टोचल्या काय?"

"गपचूप खा. आता त्याले कधी गोवर-कांजन्या होत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुभेदाराला मांडीवर घेतलं. समोर सुकटीची वाटी ठेवली. तो खाण्यात गुंतला तेव्हा मानेमागची सैल कातडी उचलली. सुताची ओली लड पिळायला धरावी तशी, घट्ट पण दुखणार नाही इतकीच. पिचकारीवरच्या दोन खुणांएवढं औषध. सुई आत गेली आणि बाहेर आली. सुभेदारानं वाटी चाटून पुसली आणि आणखी सुकट का नाही म्हणून वर पाहिलं.

दारातून बघणारी शेजारची कमळा म्हणाली, "बाप्पा, मी आता खाली पडतो."

"मंग उंबरठा सोडून पड," रुखमाबाई म्हणाली.

बाटली माठाखालच्या ओल्या रेतीत राहायला लागली. निळ्या औषधाची एक शिशी आणि नळी इंदुताईंनी तिला घरी दिली, कारण रंग वाचण्यात ती आपल्यापेक्षा बारीक आहे हे त्यांना दोन दिवसांत कळलं. इंदुताई नुसतं 'लाल' म्हणायच्या. रुखमाबाई म्हणायची, "घरावरचं कवेलू भाजताना अर्ध्यातून काढलं तसा," किंवा "लाखेचं तिसरं पानी". रोज सकाळी ती बापूंकडे जायची.

"आज कसा?"

"विटकरी."

"माहा नारिंगी." बापू समाधानानं मागे टेकायचे. "सांग त्याले, धीर धर म्हना."

पण तीन आठवडे झाले तरी रंग विटकरीच. इंदुताईंनी दोनाच्या तीन खुणा केल्या, तीनच्या चार, मग सहा. सुभेदार वाळतच होता. आता तो माळ्याकडे बघायचाही नाही. नथ्थूभाऊंच्या घरी उंदरांनी अर्धी टोपली फोडली होती. इंदुताई एक दिवस हळूच म्हणाल्या, "रुखमाबाई, आपण प्रयत्न केला." रुखमाबाईला ते वाक्य आवडलं नाही. तिच्या हंड्यातून चुकीचा रंग निघाला तर ती कधी 'प्रयत्न केला' म्हणत नसे. पाणी बघायची, लाकूड बघायची, भांडं बघायची. हात चुकत नाही, औषध तेच, मग रंग कशानं बिघडतो? काहीतरी बाहेरून पडत असणार.

म्हणून सोमवारी सकाळी तिनं सहा खुणांची सुई दिली, सुकट खाऊ घातली आणि सुभेदाराला रंगखोलीत घेऊन आतून कडी लावली. दिवसभर तो आपल्या नजरेसमोर. कोणी येणार नाही, तो कुठे जाणार नाही.

दुपारी तिनं नळी आचेवर धरली. निळं, मग हिरवं. ती वाट पाहत राहिली. हिरवंच. कोवळ्या धानासारखं हिरवं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. ती एकटीच होती, तरी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

वळून पाहिलं तर सुभेदार भिंतीकडून तिच्याकडे येत होता आणि वाटेतच विसरल्यासारखा थांबला. मागचे पाय लुळे पडले. मान एका बाजूला गेली. मग तो आडवा झाला आणि त्याचा जबडा थडथड हलायला लागला.

रुखमाबाईनं त्याचं अंग चाचपलं. मान, पोट, पाठ. कोरडं. घाम नाही. आधी घाम, मग थरथर, असं दोघांनी सांगितलं होतं. घाम नाही म्हणजे हे दुसरंच काहीतरी. तिनं कडी काढली आणि हाक मारली, "चंदाचे बाबा."

दादाजी मागाच्या खड्ड्यातून असा वर आला की दोन धागे तुटले. त्यानं बोक्याकडे पाहिलं आणि तडक स्वयंपाकघरात गेला. परत आला तेव्हा वाटीत गुळाचं पाणी होतं.

"हे काय?"

"सरक."

"त्याले गूळ? साखरेच्या बिमारीले गूळ? मारता काय त्याले?"

"तू मारून राह्यली," दादाजी म्हणाला. तो ओरडला नाही. एवढ्या वर्षांत तिनं त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. "साखर गळून चालली त्याची. गळते ते भराव लागते का नाई? महिना झाला, मी रोज भरून राह्यलो. दुपारी, तू नदीवर जाते तवा. तू आज कोंडून ठेवला, आज भेटली नाई, अन् पाह्य काय झालं. त्या गुळावरच जगून होता तो."

दोघं वाटीला धरून उभे. रुखमाबाईच्या डोक्यात एकदम दोन रंग एकमेकांत मिसळत होते. महिनाभर रोज गूळ, म्हणून विटकरी. विटकरी म्हणून सहा खुणा. आणि आज सहा खुणा, पण गूळ नाही. तिनं खाली पाहिलं. रंगखोलीच्या काळ्या दगडावर, भिंतीपासून बोका पडला होता तिथपर्यंत, पंजांचे ठसे उमटले होते. ओले. खोलीत पाणी सांडलेलं नव्हतं. तिनं त्याचा पंजा उचलून गादीवर अंगठा फिरवला. ओलाचिंब.

मांजराला घाम तिथे येतो.

"द्या इकडं," ती म्हणाली.

तिनं बोट गुळाच्या पाण्यात बुडवून सुभेदाराच्या हिरड्यांवर चोळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. दादाजीनं त्याचं डोकं हातात धरून ठेवलं. जबडा हलत राहिला. मग हलणं कमी झालं. मग जिभेचं टोक बाहेर आलं आणि तिच्या बोटाला लागलं. जीभ खरखरीत होती, आणि रुखमाबाईनं बोट पुन्हा वाटीत बुडवलं. पाव तासानं सुभेदार उठला, दोघांकडे पाठ करून बसला आणि शेपूट चाटायला लागला.

"पाह्यलं?" दादाजी म्हणाला. "गुळानंच उठला."

"गुळानंच पडला होता," रुखमाबाई म्हणाली. "थांबा, इंदुताईले बोलावतो मी. अन् सगळ्याईले."

इंदुताई आल्या. पुराही आला, कारण माग थांबला की पुऱ्याला आपोआप कळतं. रुखमाबाई रंगखोलीच्या पायरीवर उभी राहिली आणि विचारलं, याला गोड कोण कोण देतं?

बाया पदर सारखे करायला लागल्या.

"चंदाच्या बाबानं कबूल केलं. आता बाकीचे."

नथ्थूभाऊ पुढे झाले. "मी सांगतो. मी त फक्त ताना चढवला त्या दिवशी."

"कधी चढवला?"

"परवा. अन् त्याच्या आधी… शुक्रवारी. तो ताना तुटला होता."

"मी गूळ नाई दिला," कमळा म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. "मी शिरा दिला. त्याले बरं नाई म्हनून त मुद्दाम केला, वेलची टाकून."

मग बांध फुटला. कोणी खीर, कोणी काकवी, कोणी पुरणाचा गोळा दुधात कालवून. एका घरी तर सासू द्यायची आणि सून द्यायची आणि दोघींना एकमेकींचं माहीत नव्हतं. सगळ्यांचं म्हणणं एकच: साखर वाहून चालली आहे बिचाऱ्याची, रुखमाबाई नुसती सुया टोचते, भरून कोणी द्यायची?

इंदुताईंनी समजावायचा प्रयत्न केला. "हे बघा, शरीरातल्या पेशींना साखर वापरण्यासाठी इन्सुलिन लागतं. ते नसेल तर रक्तातली साखर वाढते आणि जास्तीची साखर लघवीवाटे…"

पुरा आदरानं मान डोलावत होता. म्हणजे कोणाला काही कळलं नव्हतं.

"मी सांगतो," रुखमाबाई म्हणाली. नथ्थूभाऊ दचकले. "सुताले रंग कसा बसते?"

"तुरटीनं," चार जण एकदम म्हणाले. हे तर पाळण्यातल्या पोराला माहीत होतं.

"तुरटी नाई टाकली त?"

"धुन्यात जाते."

"हंड्यात रंग कमी आहे का मंग?"

"नाई. भरून आहे. बसत नाई."

"हे बी तसंच आहे. साखर त्याच्या अंगात भरून आहे, पन अंगाले लागत नाई. म्हून धुऊन बाहेर येते, मुंग्या लागते. सुई म्हंजे तुरटी. अन् तुम्ही तुरटी नाई म्हून वरून आनखी रंग ओतून राह्यले. मी तुरटी वाढवत गेलो, तुम्ही रंग वाढवत गेले. आज रंग बंद झाला अन् तुरटी तेवढीच राह्यली, म्हून पडला. आज गूळ द्याव लागला ते खरं. रोज द्याल त मरन."

रंगाचं गणित होतं; त्यावर वाद घालायला कोणाला जागा नव्हती. दादाजीनं खाली पाहिलं. थोड्या वेळानं म्हणाला, "मले आधी सांगाचं ना असं." मग आत जाऊन तुटलेले दोन धागे सांधायला बसला.

इंदुताई मात्र 'सुई म्हणजे तुरटी' असं दोनदा पुटपुटल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी बापूंना तेच सांगितलं म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दोन खुणा. ताण्याची पहिली वाटी सुभेदाराचीच राहिली, पण वाटीत गुळाऐवजी सुकट, झिंगे, नाहीतर नदीची ताजी मासळी. मासळी आणायचं कमळानं अंगावर घेतलं. शिऱ्याचा डाग तिला धुवायचा होता. रुखमाबाई रोज सकाळी नळीचा रंग पाही आणि त्याच रंगाची एक लड दारावर टांगे, म्हणजे प्रत्येकाला येता-जाता दिसावं. पहिला आठवडा नारिंगी. मग हळदी. एक दिवस अचानक विटकरी लड लटकली आणि दुपारपर्यंत नथ्थूभाऊंच्या घरात जोराचं भांडण ऐकू आलं. संध्याकाळी नथ्थूभाऊंची सून स्वतः येऊन सांगून गेली: "मामंजींनी बासुंदी चाटवली. आता चाटवत नाई." त्यानंतर विटकरी लड पेटीतच राहिली.

हळदी, मग पोपटी, मग हिरवा. जंगलात पळस फुलायला लागला, पोरी फुलांच्या टोपल्या भरून रंगखोलीत आणायला लागल्या, आणि सुभेदार एक दिवस पडवीच्या कठड्यावर दिसला. दुसऱ्या दिवशी कोठीवर. चौथ्या दिवशी माळ्यावर काहीतरी धडपडलं, नथ्थूभाऊ म्हणाले, मी सांगतो, घूस आहे. वरून सुभेदार उतरला आणि त्याच्या तोंडात घूसच होती.

मग नळी निळी राहिली. उकळली तरी निळी. दुसऱ्या दिवशी निळी. तिसऱ्या दिवशी निळी.

पिचकारी उकळून तयार होती. सुभेदार मांडीवर होता. इंदुताई समोर बसल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"साखर शून्य असताना टोचलं तर त्या दिवशीसारखा पडेल," त्या म्हणाल्या. "आणि नाही टोचलं आणि परत वाढली तर? मधुमेह बरा होत नाही, रुखमाबाई. बापूंचा झाला का? असं कुठे लिहिलेलं नाही. मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही."

रुखमाबाईनं सुभेदाराचा पंजा उलटा करून गाद्या पाहिल्या. मग पिचकारी ताटलीत ठेवली.

"रंग बसला की तुरटी थांबवाव लागते," ती म्हणाली. "नाईतर सूत करकरीत होते. आज देत नाई. उद्या रंग पाहू, लाल झाला त देऊ. सुई कुठी पळून जाते?"

दुसऱ्या दिवशी निळा. होळीपर्यंत निळा. दारावर निळी लड लटकून लटकून उन्हानं फिकी पडली, तेव्हा रुखमाबाईनं बापूंची उरलेली बाटली आणि पिचकारी फडक्यात बांधली आणि परत करायला गेली.

बापूंनी बाटली हातात घेतली. उजेडात धरून किती औषध उरलं ते पाहिलं.

"बरा झाला म्हनते?"

"सध्या त बरा आहे. पाहून राह्यलो आम्ही."

"माह्यापेक्षा मागून आला अन् आधी सुटला." ते रागावले होते की काय, कळत नव्हतं. "त्याले कोन्या गल्लीत ठेवलं होतं ते सांग. मी बी तिथी राहाले येतो."

"या ना जी. जागा आहे. पन तिथी कोनी चोरून गोड देत नाई. दारावर लड लागते."

बापूंनी लोड थोडा सरकवला, मागे हात घातला आणि कागदाची एक पुडी काढून तिच्यासमोर ठेवली. आत दोन पेढे होते, एकाचा अर्धा खाल्लेला.

रुखमाबाईनं पुडी पदराला बांधली आणि विचारलं, "आनखी कुठी आहे?"